टकटक वेगळी, खळखळ वेगळी

वाचकाचे पत्र, थोडक्यात:

“माझ्याकडे वडिलांची १९९८ सालची कार्बोरेटरवाली मारुती ८०० आहे. चिपळूणमध्ये रोजचा थोडा वापर आणि महिन्यातून एकदोनदा कुंभार्ली घाटाने कराडला जाणे, एवढेच तिचे काम. गेल्या पावसाळ्यापासून सकाळी गाडी सुरू केली की इंजिनातून ठळक टकटक येते आणि दहा-पंधरा मिनिटे गाडी चालली की ती जवळजवळ बंद होते. घाटात तिसऱ्या गिअरला चढताना मात्र खळखळ असा आवाज येतो. टॅपेट (झडपांवरची फट) दोनदा सेट करून घेतले, फरक पडला नाही. एक मेकॅनिक म्हणतात की क्रँकचे (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याचे) बेअरिंग गेले आहे, इंजिन उतरवावे लागेल आणि पस्तीस हजार रुपये लागतील. दुसरे म्हणतात की जाड ऑइल आणि ॲडिटिव्हची एक बाटली टाका, आवाज जाईल. गाडी सुरू होताच ऑइलचा लाल दिवा विझतो. गाडी विकायची इच्छा नाही. काय करावे?”
(एक वाचक, चिपळूण)

सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती आपण जाता जाता लिहून गेला आहात. एक आवाज थंड इंजिनावर येतो आणि इंजिन तापले की जातो. दुसरा तापलेल्या इंजिनावर, तोही चढावर ताण पडल्यावरच येतो. ज्या दोन आवाजांच्या वेळा इतक्या उलट आहेत त्यांचे मूळ एकच असण्याची शक्यता फार कमी असते, आणि दोघाही मेकॅनिकांनी त्यांना एकच आवाज धरल्यामुळे दोघांचेही निदान भरकटले, असे मला वाटते. म्हणून तूर्त इंजिन उतरवू देऊ नका आणि जाड ऑइलही टाकू नका. माझा अंदाज असा आहे की सकाळची टकटक एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांतला जळका गॅस बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या, पॅकिंगमधून फुटणाऱ्या गॅसची आहे आणि घाटातली खळखळ म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोलचे अवेळी पेटणे, ज्याला गॅरेजमध्ये नॉकिंग म्हणतात. पत्रावरून केलेला अंदाज हा शेवटी अंदाजच असतो. पण तो पडताळून पाहण्याच्या चाचण्या इतक्या कमी खर्चाच्या आहेत की त्या केल्याशिवाय इंजिनाला पाना लावणे मला मुळीच मान्य नाही.

कोणत्याही आवाजाच्या मागे लागण्याआधी ऑइल पाहायचे असते. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबा, डिपस्टिक काढून फडक्याने पुसा, पुन्हा पूर्ण आत घाला आणि मग पातळी वाचा. या इंजिनात सगळे मिळून तीन लिटरच्या आतच ऑइल मावते, त्यामुळे अर्धा लिटर कमी असणे ही इथे किरकोळ गोष्ट ठरत नाही. घाटाच्या वळणांवर सम्पमधले, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या टाकीतले, ऑइल एका बाजूला सरकते, पंपाची जाळी क्षणभर उघडी पडते आणि बेअरिंगना तेवढा क्षणही महागात पडू शकतो. ऑइल दुधी दिसत असेल तर त्यात पाणी उतरले आहे असे समजावे. फडक्यावर उन्हात धरल्यावर चमकणारे बारीक कण दिसत असतील तर पुढची सगळी चर्चा बाजूला ठेवून आधी ते कण कुठले आहेत हे शोधले पाहिजे.

लाल दिवा विझतो ही चांगली खूण आहे, पण तिच्यावर फार विसंबू नका. तो दिवा ज्या स्विचवर चालतो तो स्विच दाब अगदीच तळाला गेल्यावर दिवा लावतो, त्यामुळे दिवा विझलेला असूनही दाब अपुरा असू शकतो. खरा दाब पाहायचा तर तो स्विच काढून त्या जागी दाबाचे गेज लावावे लागते आणि इंजिन पूर्ण तापल्यानंतर आकडा वाचावा लागतो, कारण थंड आणि दाट ऑइलवर झिजलेले इंजिनही चांगला दाब दाखवते. मिनिटाला दर हजार फेऱ्यांमागे साधारण १० पीएसआय (दाबाचे एकक) हा ढोबळ हिशेब बहुतेक जुन्या पेट्रोल इंजिनांना लागू पडतो. आपल्याला क्रँकचे बेअरिंग गेल्याचे सांगणाऱ्या मेकॅनिकांनी हे गेज लावले होते का, हा पहिला प्रश्न त्यांना विचारण्यासारखा आहे. आणि चालत्या गाडीत तो दिवा कधी लागलाच, तर पुढचे गॅरेज अर्ध्या किलोमीटरवर असले तरी इंजिन तिथेच बंद करावे.

आता सकाळच्या टकटकीकडे येऊ. या ७९६ सीसीच्या इंजिनाला तीन सिलिंडर आणि सहा झडपा असून वर एकच कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, आहे, आणि तो क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, मिनिटाला ९०० फेरे धरले तर क्रँक सेकंदाला १५ वेळा फिरतो आणि प्रत्येक झडप सेकंदाला साडेसात वेळा उघडते. त्यामुळे एकाच झडपेचा किंवा एकाच एक्झॉस्ट पोर्टचा आवाज सेकंदाला सात-आठ ठोक्यांचा, म्हणजे कानाला सुटा सुटा कळणारा असतो. क्रँकच्या बाजूचा ठोका बहुधा त्याच्या दुप्पट घाईचा असतो. ज्या गॅरेजमध्ये अजून टायमिंग लाइट आहे तिथे हे डोळ्यांनीही ताडून पाहता येते. तो लाइट एक नंबरच्या प्लगच्या वायरला जोडला की क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदा चमकतो. ठोका आणि चमक बरोबरीने चालत असतील तर शोध इंजिनाच्या वरच्या भागात घ्यावा, आणि एका चमकेत दोन ठोके पडत असतील तर खालच्या भागाचा संशय धरावा. हा नियम निरपवाद नाही, कारण ढिला पिस्टनही मुख्यतः पेट्रोल पेटतानाच बोअरवर (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर) आपटतो आणि त्याचा ठोकाही निम्म्या वेगाने ऐकू येतो. तरीही सुरुवातीला दिशा मिळण्यासाठी याच्याइतकी सोपी खूण दुसरी नाही.

वरच्या भागातली टकटक म्हटली की सगळ्यांचे बोट आधी टॅपेटकडे जाते, आणि आपल्याकडेही तेच झाले. पण या इंजिनाचे हेड, म्हणजे सिलिंडरवरचा झडपांचा भाग, ॲल्युमिनियमचे आहे. ते तापून फुगते तसा कॅमशाफ्ट वर उचलला जातो आणि टॅपेटची फट वाढते. म्हणूनच या इंजिनाला थंड असताना साधारण ०.१५ मिलिमीटर आणि तापल्यावर साधारण ०.२५ मिलिमीटर अशी फट ठेवतात. फट मुळातच जास्त असेल तर इंजिन तापल्यावर टकटक कायम राहायला हवी, किंबहुना थोडी वाढायला हवी. आपली टकटक तापल्यावर जाते, याचाच अर्थ टॅपेटवरचा संशय दुबळा आहे, आणि दोनदा सेटिंग करूनही फरक न पडणे त्याच्याशी सुसंगत आहे.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे वागणे नेमके आपण लिहिता तसे असते. पॅकिंग जळलेले असते किंवा एखादा स्टड गंजून सैल झालेला असतो, त्यामुळे थंडपणी मॅनिफोल्ड आणि हेड यांच्यात केसाएवढी फट राहते आणि प्रत्येक वेळी झडप उघडली की त्या फटीतून गॅस फटकन बाहेर पडतो. लोखंड तापून फुगले की फट मिटते आणि आवाज थांबतो. पावसाळ्यात सुरू झालेला आवाज असल्यामुळे कोकणातला गंज मला इथे विशेष संशयास्पद वाटतो. पाहण्यासाठी इंजिन पूर्ण थंड असताना टॉर्च घ्या, मॅनिफोल्डवरचा पत्रा असल्यास तो काढा आणि तिन्ही पोर्टांच्या सांध्यावर, विशेषतः खालच्या कडेला उजेड पाडा. गळती असेल तर सांध्यापासून बाहेर पसरत गेलेला काजळीचा पंख्यासारखा काळा ठसा दिसतो. तो बोटाने पुसला जातो आणि बोटाला कोरडी, मऊ काजळी लागते. ऑइलचा डाग असेल तर तो चिकट लागतो. मग दुसऱ्या कोणाला तरी गाडी सुरू करायला सांगून वीतभर रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे टोक सांध्याच्या कडेने फिरवत न्या. गळतीच्या जागी नळी आली की आवाज एकदम कानात आदळतो. अजून खात्री हवी असेल तर जाड हातमोजा घालून आणि फडक्याची घट्ट घडी करून सायलेन्सरचे तोंड दोन-तीन सेकंद दाबून धरावे. मागचा रस्ता बंद झाल्यावर पुढची गळती जोरात बोलू लागते. हे सगळे उघड्यावर करा, बंद गॅरेजमध्ये करू नका. त्याच कारणासाठी ही गळती “आवाजच तर आहे” म्हणून सोडूनही देऊ नये, कारण तो गॅस बॉनेटखालून हवेच्या जाळीमार्फत गाडीच्या आत शिरू शकतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दुरुस्ती फार मोठी नाही, पण ती हळुवार हाताची आहे. गंजलेले स्टड तुटले की पॅकिंगचे काम स्टड काढण्याचे होऊन बसते, म्हणून आदल्या रात्रीच नटांवर गंज सैल करणारे ऑइल मारून ठेवायला सांगा आणि पान्याला लांब पाइप लावून जोर करू देऊ नका. मॅनिफोल्ड निघाल्यावर त्याच्या तोंडावर सरळ पट्टी धरून ते वाकले आहे का हे पाहावे. वाकलेले असेल तर इंजिनिअरिंग वर्क्समध्ये ते समतल करून घ्यावे, नाहीतर नवे पॅकिंग काही महिन्यांत पुन्हा जळते. नवे पॅकिंग, नवे नट, मधून कडेकडे क्रमाने आवळणे, आणि इंजिन एकदा तापून निवल्यावर पुन्हा आवळणे, एवढे झाले की पुरे.

समजा काजळी कुठेच दिसली नाही, तर टॅपेट तिसऱ्यांदा तपासावे, पण या वेळी आपल्या डोळ्यांसमोर. इंजिन रात्रभर थंड झालेले असावे, प्लग काढलेले असावेत आणि ज्या सिलिंडरची फट पाहायची त्याच्या दोन्ही झडपा पूर्ण मिटलेल्या असतील अशा जागी क्रँक आणलेला असावा. लॉकनट आवळताना स्क्रू किंचित फिरतो, म्हणून आवळल्यानंतर फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) पुन्हा घालून पाहणे आवश्यक आहे. घाईत हेच राहून जाते. एक गोष्ट मात्र नीट सेटिंग करणाऱ्यालाही फसवते. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत झडपेच्या दांडीच्या माथ्यावर स्क्रूच्या टोकाने खळगा पाडलेला असतो. गेजची सपाट पट्टी त्या खळग्याच्या काठांवर टेकून राहते आणि बरोबर फट दाखवते. प्रत्यक्षात स्क्रूचे टोक खळग्याच्या तळापर्यंत जाते, म्हणजे खरी फट जास्तच राहते आणि टॅपेट वाजतच राहतो. स्क्रू काढून त्याचे टोक नखाने चाचपले तर झीज कळते. आवाज बंद व्हावा म्हणून अंदाजाने फट कमी करून देणारे पुष्कळ भेटतील. तसे करू देऊ नका. फट अगदीच राहिली नाही तर एक्झॉस्ट झडप आपल्या बैठकीवर पूर्ण बसत नाही, तिची उष्णता हेडमध्ये जाऊ शकत नाही आणि ती जळते. किंचित वाजणारा टॅपेट मुक्या टॅपेटपेक्षा केव्हाही बरा.

घाटातल्या खळखळीबद्दल आपण एकच वाक्य लिहिले आहे, पण त्यातला “तिसऱ्या गिअरला” हा तपशील बोलका आहे. पत्र्याच्या डब्यात छर्रे हलवल्यासारखा, धातूचा पण पातळ आवाज असेल आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय थोडा उचलताच तो तत्क्षणी थांबत असेल, तर ते नॉकिंग आहे. चढावर वेग पडलेला असताना वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की सिलिंडरमधला दाब आणि उष्णता दोन्ही वाढतात, आणि प्लगच्या ठिणगीपासून निघालेली ज्योत पोहोचण्याआधीच टोकाला उरलेले मिश्रण आपोआप पेटते. पहिली चाचणी आपण पुढच्या फेरीतच करू शकता. कुंभार्ली घाटात खळखळ सुरू झाली की लगेच दुसऱ्या गिअरवर या आणि इंजिनाचे फेरे वाढू द्या. आवाज नाहीसा झाला तर बेअरिंगची भीती निम्मी कमी झाली असे समजा, कारण झिजलेले बेअरिंग फेरे वाढले म्हणून गप्प बसत नाही.

नॉकिंगची कारणे एकापेक्षा अधिक असतात आणि जुन्या गाडीत ती बहुधा एकत्र नांदतात. इग्निशनचे टायमिंग पुढे गेलेले असणे, म्हणजे ठिणगी गरजेपेक्षा लवकर पडणे, हे सर्वांत सामान्य कारण. पिकअप वाढावा म्हणून डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) थोडा फिरवून देण्याची सवय अनेक गॅरेजना असते, आणि सपाट रस्त्यावर गाडी खरोखरच चपळ वाटते. घाटात त्याची किंमत मोजावी लागते. टायमिंग लाइटने, व्हॅक्यूमची नळी काढून तिचे तोंड बंद करून, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या अंशांवर ते आणून घ्या. डिस्ट्रिब्युटरच्या आत फिरत्या वजनांच्या बारीक स्प्रिंगा असतात. त्या ढिल्या पडल्या असतील तर आयडलिंगला टायमिंग बरोबर दिसते आणि फेरे वाढताच ते गरजेपेक्षा पुढे पळते, म्हणून रेस देऊनही पाहायला सांगा.

दुसरे कारण मिश्रणात पेट्रोल कमी पडणे. २०२५ पासून देशभरातल्या बहुतेक पंपांवर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलमुळे ऑक्टेन, म्हणजे पेट्रोलची नॉकिंग रोखण्याची क्षमता, वाढते, त्यामुळे नॉकिंगचा दोष थेट त्याच्यावर टाकणे बरोबर नाही. पण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, आणि नव्या गाड्यांतला संगणक जसे इंधन वाढवून घेतो तसे कार्बोरेटरला करता येत नाही. १९९८ सालच्या पेट्रोलसाठी ठरवलेल्या जेटमधून (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छिद्रातून) आज जाणारे मिश्रण थोडे फिकेच पडते, आणि त्यात जेटमध्ये कचरा असेल किंवा इनटेकच्या एखाद्या व्हॅक्यूम नळीला चीर गेली असेल तर ते अजून फिके होते. कार्बोरेटर साफ करून घ्या, रबरी नळ्या वाकवून त्यांच्या बाह्यवळणावर चिरा दिसतात का पाहा, आणि इंधनाच्या नळ्या जुन्या असतील तर त्या इथेनॉल सोसणाऱ्या प्रकारच्या घालून घ्या. तिन्ही प्लगही सिलिंडरच्या क्रमाने टेबलावर मांडून पाहा. पांढुरकी, भाजलेली टोके फिके मिश्रण किंवा फाजील उष्णता सांगतात. काळी आणि कोरडी टोके याच्या उलट. ओली, तेलकट टोके रिंगा किंवा झडपांच्या सीलमधून ऑइल वर येत असल्याचे सांगतात, आणि ते ऑइल जळून साठणारा कार्बन हेदेखील नॉकिंगचे एक कारण आहेच. रेडिएटर, थर्मोस्टॅट आणि पंख्याचा स्विच यांचीही तपासणी याच वेळी उरकावी.

हे सगळे सांगूनही, बेअरिंग गेल्याचे निदान मी न तपासता फेटाळणार नाही, कारण ते खरे निघाले आणि गाडी तशीच चालवली तर कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका जड आणि बोथट असतो, इंजिन तापून ऑइल पातळ झाले की तो वाढतो, आणि उभ्या गाडीत रेस देऊन पाय सोडला की फेरे उतरत असताना तो हमखास ऐकू येतो. नॉकिंग याच्या नेमके उलट, पाय सोडताच बंद होते. मुख्य बेअरिंगचा आवाज अजून खोल असतो आणि कानापेक्षा पायाखालच्या पत्र्यात अधिक जाणवतो. निर्णायक चाचणी म्हणजे प्लगची वायर. इंजिन तापलेले आणि ठोका येत असताना एकेका सिलिंडरची ठिणगी काही सेकंद बंद करायची. वायर रबरी मुठीच्या पक्कडीने धरून तिच्या टोकाला जोडलेला जादा प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवायचा, म्हणजे धक्काही बसत नाही आणि कॉइलवरही ताण येत नाही. ज्या सिलिंडरची ठिणगी तोडल्यावर ठोका मंदावतो, त्याच सिलिंडरच्या रॉडमध्ये किंवा पिस्टनमध्ये ढिलाई आहे. तिन्ही वेळा काहीच फरक पडला नाही, तर रॉडच्या बेअरिंगवरचा आरोप टिकत नाही. सुटलेले मिश्रण सायलेन्सरमध्ये जात असल्यामुळे ही चाचणी लांबवू नये.

बॉनेटखालच्या इतर वाजणाऱ्या गोष्टींबद्दल थोडक्यात सांगतो. फॅन बेल्ट काढून इंजिन मिनिटभरापेक्षा कमी वेळ चालवावे; आवाज गेला तर तो अल्टरनेटरचा किंवा वॉटर पंपाचा आहे. २२ जुलै २०२१ च्या पुरात आपली गाडी पाण्यात उभी होती का, हे आपण लिहिलेले नाही. असेल तर अल्टरनेटरच्या बेअरिंगकडे आधी पाहा. न्यूट्रलमध्ये क्लच दाबल्यावर आवाज सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, आणि दाबल्यावर थांबत असेल तर गिअरबॉक्सचे पुढचे बेअरिंग. कार्बोरेटरच्या गाडीतला पेट्रोल पंपही कॅमशाफ्टवरच चालतो आणि तोही बारीक टकटक करतो, म्हणून लांब पेचकसाची मूठ कानाला लावून त्याचे टोक पंपाच्या अंगावर एकदा टेकवून पाहावे. तीन सिलिंडरचे इंजिन मुळातच हलते; माउंटिंगचे रबर फाटले असेल तर साधा आवाजही केबिनमध्ये भयंकर वाटतो. ही पाहणी करताना बाह्या दुमडून घ्या आणि गळ्यात काही लोंबते ठेवू नका.

जाड ऑइलबद्दलही सांगायला हवे, कारण तो सल्ला स्वस्त असल्यामुळे मोहात पाडतो. ऑइल दाट झाले की ढिल्या जागेतला ठोका दबतो, ढिलाई तशीच राहते. आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर ऑइल कॅमशाफ्टपर्यंत चढायला लागणारा वेळ वाढतो, म्हणजे ज्या क्षणी झीज सर्वाधिक होते तोच क्षण लांबतो. शिवाय आपल्या गाडीचे दोन्ही आवाज माझ्या अंदाजाप्रमाणे ऑइलशी संबंधित नाहीतच. पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचे ऑइल घाला, फिल्टरसह वेळेवर बदला, आणि त्या बाटलीचे पैसे पॅकिंगला द्या.

चाचण्यांतून बेअरिंगच दोषी ठरले, तरी एकदम पस्तीस हजारांना होकार देऊ नका. आधी सम्प खाली घेऊन रॉडच्या कॅप काढाव्यात आणि शेल (बेअरिंगचे अर्धगोल तुकडे) हातात घेऊन पाहावेत. क्रँकच्या जर्नलवर (शेल ज्यावर बसतात त्या गोल भागावर) नख फिरवल्यावर ते कुठे अडकत नसेल आणि मायक्रोमीटरने गोलाई ठीक येत असेल, तर नुसते नवे शेल पुरतात; चरे पडले असतील तर क्रँक ०.२५ मिलिमीटरने ग्राइंड करून त्या मापाचे शेल घालावे लागतात, आणि मग इंजिन उतरवण्याला खरोखर कारण आहे. सुट्या भागांची चिंता नको. मारुती ८०० चे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, तरी त्याच जातीचे इंजिन ओम्नीमध्ये २०१९ पर्यंत चालू होते, त्यामुळे टॅपेटच्या स्क्रूपासून पिस्टनपर्यंत बहुतेक माल कराड-कोल्हापुरात मिळायला हरकत नाही. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि नंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते, म्हणजे वेळच्या वेळी नूतनीकरण केले असेल तर आपली पुढची तारीख २०२८ मध्ये येईल. मोठा खर्च करण्याआधी तळाचा पत्रा आणि चॅसीचा गंजही तपासून घ्या, कारण फिटनेसच्या तपासणीत इंजिनापेक्षा पत्रा नडण्याची भीती कोकणातल्या गाडीला अधिक असते.

गॅरेजमध्ये जाताना “इंजिन वाजतंय, बघा” असे सांगू नका. गाडी आदल्या संध्याकाळी तिथे ठेवा, म्हणजे सकाळचा थंड आवाज त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकता येईल, आणि काम क्रमाने मागा: ऑइलचा दाब, मॅनिफोल्डचा सांधा, टायमिंग, कार्बोरेटर, आणि शेवटी प्लगच्या वायरची चाचणी. एका वेळी एकच बदल करून गाडी चालवून पाहा, नाहीतर कशाने गुण आला ते कळणार नाही. टायमिंग बेल्ट शेवटचा केव्हा बदलला याची वडिलांच्या कागदांत नोंद सापडत नसेल, तर आवाजाशी त्याचा संबंध असो वा नसो, याच फेरीत तो टेन्शनरसह बदलून घ्या. मॅनिफोल्डवर काजळी सापडली की नाही, आणि दुसऱ्या गिअरवर खळखळ थांबली की नाही, एवढे मला जरूर कळवा. दोन्हींची उत्तरे नकारार्थी आली तर ऑइलच्या दाबाचा आकडा आणि तिन्ही प्लगांचे वर्णन सोबत पाठवा.